टिल्डा वाचायला लागेल तेव्हा

७ सप्टेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. मेंदूला चांगली असते असं मी जगाला सांगत फिरतो, तेव्हा स्वतःही लिहायला हवी.

टिल्डा पहिलीत गेली. म्हणजे या वर्षी कधीतरी ती वाचायला लागणार. लोकांची पोरं वाचायला लागतात तेव्हा त्यांच्या मेंदूत काय उलथापालथ होते, ते बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता माझ्या पोरीचा नंबर. ती पहिल्यांदा अख्खं पुस्तक स्वतः वाचेल, तेव्हा मी तिच्या शेजारी बसलेला असणार. असणार म्हणजे असणार! या वर्षी हा एकच संकल्प. (शिवाय वजन, ग्रँटचा अर्ज आणि कोरीनशी न भांडणं.)

कोरीन टिल्डाला घेऊन जूनपासून तळ्याच्या पलीकडे राहते आहे. तात्पुरतं. तिचं ऑफिस तिथून जवळ पडतं. शनिवार माझा असं ठरलंय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत दोघी परत येतील. तिने कपडे नेले, पुस्तकं नेली, कुत्रा नेला, पण बर्फातले बूट इथेच ठेवलेत. विस्कॉन्सिनमध्ये कोणी बर्फातले बूट उगाच मागे ठेवत नाही. पुरावा म्हणून नोंदवून ठेवतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

टिल्डाला गोष्ट वाचून दाखवली. बीव्हर नावाचा पाण्यातला प्राणी लाकडाचं घर बांधतो आणि दार ठेवायलाच विसरतो. शास्त्रशुद्ध वाचलं. प्रत्येक पानावर थांबायचं आणि विचारायचं: आता पुढे काय होईल? बीव्हरला कसं वाटत असेल? तुझ्या बाबतीत असं कधी झालंय का? याने पोरं विचार करायला लागतात. यावर माझे पेपर आहेत.

चौथ्या पानावर टिल्डा म्हणाली, डॅडी, तू पान उलटलंस की कळेलच ना. तर्क पक्का आहे पोरीचा, माझ्यावर गेली. थोड्या वेळाने झोपली. भर दुपारी. नवी माहिती मुरवायला मेंदूला झोप लागतेच. बीव्हर अजून आतच अडकलेला आहे, पुढच्या शनिवारी बघू.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लॅबमध्ये पाणबुडीला नवा रंग दिला. पाणबुडी म्हणजे आमचा खोटा स्कॅनर. खऱ्या मशीनच्या धडधडाटाला पोरं घाबरू नयेत म्हणून आधी यात झोपवून पुतळ्याचा खेळ खेळवायचा. जो हलला तो बाद. खऱ्या स्कॅनरमध्ये पोर जरा हललं तरी मेंदूचं चित्र बिघडतं, आणि सकाळभराची मेहनत पाण्यात.

गेल्या वर्षी टिल्डा अशी पडून राहिली होती की ओडेट दोनदा आत वाकून बघून आली. (ओडेट माझी असिस्टंट. पोरांना सांभाळते आणि मला टोमणे मारते, दोन्ही कामं मन लावून.) आपल्याच पोरीची तपासणी आपण करायची नाही असा दंडक आहे, म्हणून मी काचेमागे उभा असतो. पुढच्या महिन्यात टिल्डाचं स्कॅन, दुसऱ्या वर्षाचं. वाचायला लागण्याआधीचा आणि नंतरचा मेंदू, एकाच पोरीचा! आणि ती पोर माझी.

५ ऑक्टोबर, शनिवार

टिल्डाला आणायला गेलो तर कोरीनच्या दारात एक इसम शिडीवर उभा. खिडक्यांना थंडीच्या काचा बसवत होता. कर्ट बेंके. दात सरळ करण्याचा डॉक्टर आहे. जन्मभर मेंदूच्या चार बोटं खाली काम केलं, पण वर काय आहे ते बघावं असं या माणसाला कधी वाटलं नाही. कोरीन म्हणाली, शेजारी आहे. शेजाऱ्याचं घर नक्की कुठलं असं मी विचारलं, तर तिने मोघम हात केला. तिकडे पेट्रोल पंप आहे.

गाडीत टिल्डाने बातमी दिली. कर्टने बीव्हरची गोष्ट पूर्ण वाचली. बीव्हर चिमणीतून बाहेर पडतो. कर्ट बीव्हरला सर्दी झालेला आवाज काढतो आणि लांब शब्द आले की खुशाल गाळतो. मी विचारलं, मध्ये थांबून काही विचारतो का? नाही म्हणे. एकदाही नाही! अशाने पोरीची विचारशक्ती वाढणार कशी?

कोरीनला फोन करून शांतपणे समजावलं. ती म्हणाली, रसेल, पोरीला गोष्ट हवी असते रे, मुलाखत नाही. भांडलो नाही. फक्त तीन संशोधनं पाठवली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मोकळेपणाने नवी पद्धत स्वीकारली. आवाज काढून वाचलं. अर्धं पान ऐकून टिल्डाने माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, डॅडी, तुला बरं नाही का? आवाज बंद केले. माझं बलस्थान प्रश्न हेच आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मोठा दिवस. टिल्डाचं स्कॅन.

आमच्याकडे एक नियम आहे, मीच घालून दिलेला. आईबापांनी सह्या केल्या तरी पोराला साध्या शब्दांत विचारायचं: आज तुला हे करायचंय का? नाही म्हणालं की विषय संपला. आग्रह करायचा नाही. का म्हणून विचारायचं नाही. तोंड पाडायचं नाही. थँक यू म्हणायचं, खोक्यातलं एक खेळणं द्यायचं आणि हसून निरोप द्यायचा. लॅबमधल्या नव्या असिस्टंटांना हा नियम मी दरवेळी दोनदा वाचून दाखवतो. इतका तो सुंदर आहे.

ओडेटने विचारलं. टिल्डाने पाणबुडीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं आणि म्हणाली, नको.

ओडेटने थँक यू म्हटलं. टिल्डाने खोक्यातून रबरी ऑक्टोपस निवडला. मी बाहेर येऊन ओडेटला म्हणालो, एकदा परत विचारून बघ ना. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पाणी प्यायला गेलो. मागून म्हणाली, नियम तुमचाच आहे डॉक्टर, दारावर तुमच्या सहीनिशी लावलाय.

गाडीत मी विचारलंच. शास्त्रज्ञ म्हणून नाही, बाप म्हणून. टिल्डा म्हणाली, आत मी एकटी असते आणि तू काचेच्या पलीकडे असतोस. जागेची जाण वयाच्या मानाने उत्तम.

नंतर कस्टर्ड खायला नेलं. तिने स्वतःचं संपवून माझंही खाल्लं. दिवस एकूण यशस्वी.

२ नोव्हेंबर, शनिवार

आता कंबर कसायला हवी. तिच्या वर्गातली निम्मी पोरं वाचायला लागली म्हणे. फ्रिजवर अक्षरं, जिन्यावर अक्षरं, बाथरूममध्ये अक्षरं. शब्दांची कार्डं केली. खेळासारखं करायचं म्हणून घड्याळ लावलं. टिल्डाने सहा कार्डं ओळखली आणि सातव्याला पोट दुखतं म्हणाली. पोटावर गरम पिशवी ठेवली आणि म्हटलं पडल्या पडल्या करू. ती म्हणाली, मला घरी जायचंय.

मी म्हटलं, अगं, हेच घर. ती ऑक्टोपसचे पाय ओढत बसली.

दुपारीच सोडून आलो. पोटदुखीची साथ आहे गावात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कोरीन आली! स्वतःहून, इथे, घरी. मी कॉफी टाकली, दाढी नव्हती केली ती केली, आणि बाहेर येऊन बघतो तर ती बूट घेऊन दारात उभी. म्हणाली, बर्फ पडायला लागलं ना. मी म्हटलं, इथेही पडतंच की. तिचे डोळे भरले असं मला वाटलं. ती म्हणाली, रसेल, किती दिवस असं करणार आहेस?

मी काय करतोय ते तिने सांगितलं नाही. कॉफी दोन्ही कप मीच प्यायलो, वाया कशाला घालवायची.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

आईकडे जेवण. दोघीच काय त्या नव्हत्या. या वर्षी कर्टच्या बहिणीकडे गेल्यात, तिथे पोरं पुष्कळ आहेत, टिल्डाला सोबत मिळते. आईला हे नीट पटवून सांगितलं. तिने टर्की कापायचं थांबवलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, रस, गाढवा, तुझी बायको गेली.

ती म्हातारी झाली आहे, तिला बारकावे कळत नाहीत.

मग म्हणाली, तुझा बाप तुला मांडीवर घेऊन ट्रॅक्टरचा कॅटलॉग वाचायचा. हॉर्सपॉवरसकट. कधी काही विचारलं नाही तुला, आणि तू उठायला तयार नसायचास, त्याचा पाय बधिर व्हायचा. मी म्हटलं, आई, एका माणसाचं उदाहरण म्हणजे पुरावा नाही. तिने माझ्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले. लहानपणी मी पडलो की असंच करायची.

१४ डिसेंबर, शनिवार

शिकागो. परिषदेत भाषण. विषय: मूल वाचायला शिकताना पालकाने शेजारी असण्याचं महत्त्व. छान झालं. चार जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यातले दोघे जेवायला निघालेले असावेत.

आजचा शनिवार त्यामुळे बुडाला. कोरीनला आधी कळवलं होतं. एक शनिवार आकडेवारीत नगण्य असतो.

हॉटेलमधून टिल्डाला फोन केला. तिने विचारलं, भाषणात मी होते का? मी म्हटलं, तू सगळ्या भाषणात होतीस. मग तिने विचारलं, माझं नाव घेतलंस? अभ्यासातल्या पोराचं नाव घ्यायचं नसतं, क्रमांक घ्यायचा असतो. तेच सांगितलं. ती बरं म्हणाली.

११ जानेवारी, शनिवार

आज एक अवघड परीक्षा आली आणि मी उत्तीर्ण झालो.

आणायला गेलो तर कोरीन बाहेरच्या पायरीवर आली. म्हणाली, टिल्डा आज यायला नको म्हणते आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी कोण आहे? असल्या प्रसंगासाठी नियम लिहिणारा माणूस मी. तो परक्या पोरांना लावायचा आणि आपल्या पोरीवर गुरकावायचं, हे मला जमणार नाही. आग्रह केला नाही. का ते विचारलं नाही. तोंड पाडलं नाही. थँक यू म्हटलं, आणलेली खारीची बाहुली कोरीनच्या हातात दिली, आणि हसून निरोप घेतला.

कोरीन म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, तिच्या निर्णयाचा मी आदर करतो. कोरीन माझ्याकडे बघतच राहिली. भारावली असावी.

गाडी मागे घेताना वरच्या खिडकीत टिल्डा दिसली. कोट घातलेला होता, टोपीसुद्धा. घरात कोट घालून बसली होती. हीटर नीट चालत नसणार, कर्टला म्हणावं तिकडे बघ जरा.

१८ जानेवारी, शनिवार

आजही नको म्हणाली. फोनवरच कळलं. नियम पाळला. टपालाने स्टिकर पाठवले.

३१ जानेवारी, शुक्रवार

लॅबमध्ये डबा खाताना ओडेटला माझ्या धीराची हकिकत सांगितली. म्हटलं, पोरगी सलग नको म्हणते आहे आणि मी एकदाही आग्रह केलेला नाही. शाबासकीची अपेक्षा नव्हती, पण अगदीच नव्हती असंही नाही.

ओडेटने सँडविच खाली ठेवलं. म्हणाली, डॉक्टर, तो नियम परक्या पोरांसाठी आहे हो. परकं पोर नको म्हणतं तेव्हा त्याला जायचं असतं. आपलं पोर नको म्हणतं तेव्हा बाप काय करतो ते त्याला बघायचं असतं. कोट घालून खिडकीत उभी होती ना ती? तुम्ही हसून टाटा केलात?

मी म्हटलं, याला आधार काय? ती उठून गेली. अर्धं सँडविच तसंच टाकून.

जेवण गेलं नाही. सँडविच शिळं होतं बहुतेक. ओडेटचं नाही, माझं.

उद्या जातो. कोणी नको म्हटलं तरी दारात बसून राहतो. थंडीबिंडी काही बघणार नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. घरी कोणी नाही. शेजारच्या बाईंनी (खरी शेजारीण आहे तर!) तळ्याकडे बोट केलं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायची कर्टची झोपडी आहे, तिघं तिकडे गेलेत म्हणाली.

काठावर उभा राहिलो. लांब एक लाल टोपी धावत होती, मागे कुत्रा. कधी पडत होती, उठत होती. मोठ्याने हाक मारली तर पोचली असती.

मारली नाही. बर्फावर जायचं म्हणजे बर्फ भरवशाचं हवं. त्यावर पन्नासेक ट्रक उभे होते, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. शिवाय माझे बूट योग्य नव्हते. शिवाय एवढी खेळते आहे, मध्ये कशाला जायचं. शिवाय तिने मला बघितलं असतं आणि पळत आलीच नसती, तर?

हे शेवटचं वाक्य शास्त्रीय नाही. तिथे पुष्कळ वेळ थांबलो. नाक गोठलं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी कोरीनचा फोन. टिल्डा वाचायला लागली.

अख्खं पुस्तक. गेल्या आठवड्यात, एका संध्याकाळी, सोफ्यावर. शेजारी कोण होतं ते मी विचारलं नाही. कोरीनने सांगितलं नाही. कुत्राही असू शकतो.

तसं बघता पहिल्या वाचनाला अर्थ नसतो. पोरं पाठ करतात, चित्रांवरून ओळखतात. खरं वाचन दुसरं. हे मी कोरीनला सांगायला लागलो आणि अर्ध्यातच थांबलो. टेबलावर डोकं टेकलं. माझी पोरगी वाचायला लागली आणि मी तिथे नव्हतो. इतक्या लोकांच्या पोरांजवळ होतो, आणि तिथे नव्हतो.

कोरीनने माझं आवरू दिलं. मग म्हणाली, तिला तुला वाचून दाखवायचंय, रसेल. तिचीच कल्पना. शुक्रवारी पाच वाजता फोन करेल. एक काम कर. मध्ये बोलू नकोस. एकही प्रश्न विचारू नकोस. नुसतं ऐक.

मी म्हटलं, विचारणार नाही. शप्पथ.

७ मार्च, शुक्रवार

साडेचार. बसलोय. फोन चार्ज केला. पाणी जवळ ठेवलं. प्रश्न येतील म्हणून तोंडावर धरायला मफलर. शेवटी म्हणायचं वाक्य तयार आहे: टिल्डा, फार सुंदर वाचलंस, मला फार आवडलं. यात प्रश्न नाही, चार वेळा तपासलं.

सहा वाजून गेलेत.

फोन वेळेवर आला. टिल्डा म्हणाली, डॅडी, मी वाचते, तू ऐक हं. आणि वाचायला लागली. एक कोंबडी बसमध्ये बसून आजीकडे निघते. कोंबडीला तिने वेगळा आवाज दिला होता, बसला वेगळा. ते काही मी शिकवलेलं नाही.

मध्ये एका शब्दाला अडली. ड्रायव्हर. थांबली. पोर असं थांबतं तेव्हा मेंदूत कुठून कुठे काय धावतं ते मी पडद्यावर दाखवून लोकांना तासभर सांगू शकतो. पण ते सगळं चित्रातलं होतं, आणि ही माझी पोरगी श्वास रोखून बसली होती. शब्द माझ्या जिभेवर होता. मफलर दातांत धरला. तिने एकदा प्रयत्न केला, चुकला. परत केला. आणि निघाला! आतून काय वाटलं ते कुठल्या शब्दांत लिहू, मला येत नाही. मी हूं की चूं केलं नाही. एकही प्रश्न विचारला नाही. कोंबडी आजीकडे पोचली. टिल्डा म्हणाली, संपलं.

मग मी बोलायचं होतं. वाक्य समोर कागदावर होतं. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. रडत होतो, दुसरं काय. ती म्हणाली, डॅडी? मग म्हणाली, डॅडी, ऐकलंस का?

मी मान हलवली. फोनवर. जोरजोरात हलवली.

मग तिचा आवाज लांब गेला. मम्मी, इथे कोणीच नाहीये. कोरीन म्हणाली, असेल गं, थांब जरा. टिल्डा म्हणाली, नाहीये, मी दोनदा विचारलं. आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. शुक्रवारी इथे सगळं गाव मासे खायला बाहेर पडतं, तिकडेच गेले असतील.

नेटवर्क गेलं म्हणून असं झालं, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. नेटवर्क चांगलं होतं. तिचा एकूण एक शब्द मला ऐकू येत होता.